उंबऱ्यातलं स्टूल

जागा बघायला येणाऱ्या बाई बुधवारी येणार हे ठरलं होतं, पण किती वाजता येतील हे कोणालाच माहीत नव्हतं. नगरपालिकेच्या साहेबांनी फोनवर एवढंच सांगितलं, "दुपारनंतर. मी त्यांना घड्याळाच्या चौकातून घेऊन येतो. बस स्टँडच्या बाजूला न्यायचंच नाही. आणि वहिनी, रस्ता भरलेला दिसला पाहिजे."

"भरलेला म्हणजे?" तिने विचारलं.

"म्हणजे दुकानांत माणसं दिसली पाहिजेत. ओसाड जागी कोण कंपनी आणतं?"

तिने फोन ठेवला आणि काउंटरची काच पुसायला घेतली. ती सकाळीच पुसून झाली होती.

चष्म्यांचं दुकान रस्त्याच्या मधोमध होतं. सासऱ्यांनी सुरू केलेलं. नवरा पुढे बसून फ्रेमा दाखवायचा, सासरे मागच्या खोलीत काचा घासायचे, आणि डोळे तपासायचं काम तिचं, कारण ती तेच शिकून आली होती. सगळा रस्ता तिला डॉक्टरीणबाई म्हणायचा. थोडं कौतुकाने, थोडं चिडवायला. व्यापारी मंडळाची चिटणीसही तीच होती. हे पद तिला मिळालं ते ती त्या दिवशी सभेला वेळेवर पोचली म्हणून.

रस्त्याच्या टोकाला चार मजल्यांचं मोठं दुकान होतं. तिथे एके काळी सुईपासून सोफ्यापर्यंत सगळं मिळायचं. बाहेर बाह्यवळण रस्त्यावर मॉल उभा राहिला आणि मोठं दुकान बंद पडलं. त्याच्या मागोमाग बँकेची शाखा हलली, मग दोन वकील, मग औषधवाला. आता त्या इमारतीच्या काचांना आतून कागद चिकटवले होते. "बडा घर पोकळ वासा," शिवणमावशी तिकडे बघून म्हणायच्या. शिवणमावशींचं कपडे दुरुस्तीचं दुकान त्या इमारतीला लागूनच, रस्त्यातलं शेवटचं.

त्या इमारतीचे दोन मजले एका कंपनीला हवे होते. निदान तसं कंपनी म्हणाली होती. कंपनीचं काम इस्पितळांचे रिपोर्ट तपासून, नीट टाइप करून परत पाठवायचं. तिथे बहुतेक मुलीच कामाला होत्या, दोन पाळ्यांत. "दिवसभर पडद्याकडे बघणारी शेकडो माणसं," नवरा म्हणाला होता, "आणि प्रत्येकाला दोन डोळे." त्या दिवशी तो बऱ्याच दिवसांनी हसला होता.

पण त्याच आठवड्यात मॉलमधल्या चष्म्यांच्या दुकानाने त्याला बोलावलं. काउंटरचा मुख्य म्हणून. शनिवारी संध्याकाळपर्यंत कळवा, म्हणाले. तो रात्रीच्या जेवणानंतर ताटं उचलता उचलता तिला म्हणाला, "कंपनी आली तर आपण राहू. नाही आली तर मी हो म्हणणार आणि दुकान बंद करणार. अर्धं इकडे, अर्धं तिकडे मला जमायचं नाही."

"आणि बाबा?"

"बाबा घरी बसतील. या वयात सगळेच बसतात."

बाबांना यातलं काही सांगितलेलं नव्हतं. ते आपले रोज सकाळी मशीनवरचं फडकं काढायचे, काच धरायचे, आणि कडा घासल्याचा तो बारीक, दाताला झिणझिण्या आणणारा आवाज दुकानभर व्हायचा. दिवसाकाठी एखादीच काच असली तरी ते सकाळभर पुरवून घासायचे.

मंगळवारी सगळे नऊनंबर काकांच्या दुकानात जमले. त्यांचं चपला-बुटांचं दुकान. उरलेला सगळा माल नऊ नंबरचा होता, म्हणून हे नाव. गिऱ्हाईक आलं की ते आधी पायाकडे बघत आणि उसासा टाकत.

"माणसं भाड्याने आणू," ते म्हणाले. "सभेला आणतात तशी."

"आणि ती काय चपला घालून बघतील? तुमच्या?" हे चष्म्यांच्या दुकानासमोरचा केस कापणारा बोलला. त्याला सगळे कात्री म्हणत, हातातल्या अवजारामुळे कमी आणि जिभेमुळे जास्त. "सगळ्यांचे पाय नऊ नंबरचे निघाले तर संशय येईल."

मावशी म्हणाल्या, "बाहेरची नकोत. बाहेरची माणसं इथे उभीसुद्धा परक्यासारखी राहतील. आपणच एकमेकांकडे गिऱ्हाईक होऊ. मला नाहीतरी चष्मा बघायचाच आहे."

"मावशी, तुम्ही चार वर्षं बघताय," कात्री म्हणाला.

"मग अजून एकदा बघीन. तुझ्या काय बापाचं जातंय?"

काम तिच्यावर आलं. तिने एका पाठकोऱ्या कागदावर दुकानांच्या चौकटी काढल्या आणि कोणी कोणाकडे जायचं ते बाणांनी दाखवलं. कोणतंही दुकान रिकामं राहू नये, शेजारचा शेजाऱ्याकडे जाऊ नये, कारण ते सरावाचं दिसेल. कात्री आणि मावशी चष्म्यांच्या दुकानात. बाबा कात्रीच्या खुर्चीत. ती स्वतः काकांकडे. कागद नीटनेटका झाला. तिने तो दोनदा तपासला.

"आणि आपल्या गल्ल्यावर?" काकांनी विचारलं.

"स्टूल ठेवा की," ती म्हणाली. सगळ्यांनी माना हलवल्या.

स्टुलाचा नियम रस्त्याइतकाच जुना होता. कोणाला बाहेर जायचं असलं, पोराच्या शाळेत, दवाखान्यात, किंवा नुसतंच पाय मोकळे करायला, तर तो दुकानातलं लाकडी स्टूल उंबऱ्यात आणून ठेवायचा. म्हणजे शेजाऱ्याने समजायचं की मालक नाही, गिऱ्हाईक आलं तर आपण बघायचं. यातूनच काकांना चष्म्याच्या फ्रेमांच्या किमती पाठ झाल्या होत्या, आणि कात्रीला काजं कशी करतात ते कळत होतं. कुलूप कोणी लावत नसे. कुलूप लागलं की दुकान बंद. स्टूल असलं की चालू.

बुधवारी दुपारी नवरा म्हणाला, "मी जरा मॉलमध्ये जाऊन येतो. नुसतं बघून येतो, जागा कशी आहे ती."

"आजच?"

"तुझ्या कागदावर माझं नाव कुठे आहे? मी बघितलं." खरंच नव्हतं. ती त्याला कुठेच धाडणार नव्हती, कारण तो चेहऱ्याने खोटं बोलू शकत नसे. तो गेला.

मग वाट बघणं सुरू झालं. ती काउंटरमागे उभी राहिली, मग बसली, मग उठून दारापर्यंत गेली. रस्ता नेहमीसारखा होता: ऊन, एक मांजर, समोरच्या बंद दुकानाच्या शटरवर एकावर एक चिकटवलेल्या जाहिराती. तिने लेन्स पुसायचं फडकं मुठीत धरलं. साहेबांची गाडी इतक्या लवकर चौकात दिसेल असं कोणालाच वाटलं नव्हतं. कोणीतरी शीळ घातली. तिने स्टूल उंबऱ्यात ठेवलं आणि पदर सावरून काकांच्या दुकानाकडे, रस्ता ओलांडून, भरभर चालू लागली.

काकांच्या दुकानात शिरून तिने एक बूट हातात घेतला आणि मागे वळून पाहिलं. तेव्हा तिला आपली चूक दिसली.

दोन्ही बाजूंना, एकेका उंबऱ्यात, एकेक स्टूल होतं. सगळ्या रस्त्यावर. प्रत्येक जण शेजाऱ्याच्या भरवशावर निघाला होता आणि शेजारी दुसऱ्या कोणाच्या भरवशावर. तिने माणसं इकडून तिकडे हलवली होती, वाढवली नव्हती. प्रयोगशाळेत पहिल्याच वर्षी शिकवतात की एका भांड्यातलं दुसऱ्यात ओतलं तरी एकूण तेवढंच राहतं. प्रत्येक दुकानात गिऱ्हाईक होतं. विकणारा एकाही दुकानात नव्हता. तिच्या हातातल्या बुटाची किंमत सांगायला काकाही नव्हते. ते पलीकडे घड्याळजीकडे मनगट पुढे करून उभे होते, आणि घड्याळजी तिथे नव्हता.

कात्रीच्या दुकानात बाबा खुर्चीत बसले होते. तोंडाला साबणाचा फेस, गळ्यात पांढरं कापड. कात्रीने फेस लावला आणि गाडी दिसताच तो तसाच उठून चष्म्यांच्या दुकानात पळाला होता. बाबा आरशात स्वतःकडे बघत शांत बसले होते, जणू हे असंच असतं.

बाई गाडीतून उतरल्या. पन्नाशीच्या आतबाहेरच्या, साध्या, खांद्याला एक पिशवी. साहेब हात पसरून काहीतरी दाखवत होते. बाईंनी रस्त्याकडे पाहिलं, दुकानांकडे पाहिलं, मग खाली, उंबऱ्यांकडे. एका स्टुलावरून दुसऱ्यावर त्यांची नजर जाताना तिला इथूनही दिसली. मग त्यांनी आपला चष्मा काढला, त्याची एक काडी हलवून बघितली, आणि त्या सरळ चष्म्यांच्या दुकानात शिरल्या.

तिने बूट खाली ठेवला. आता धावत गेलं तर सगळंच उघडं पडणार. नाही गेलं तर कात्री बोलणार. ती धावली.

ती पोचली तेव्हा कात्री काउंटरच्या आत उभा होता. बाईंचा चष्मा त्याच्या हातात, आणि तो खणातला सर्वांत बारीक स्क्रूड्रायव्हर घेऊन काडीचा स्क्रू आवळत होता. मावशी एक गुलाबी फ्रेम डोळ्यांवर ठेवून हललेल्या नव्हत्या.

"तुम्ही तर गिऱ्हाईक होतात ना?" बाई त्याला विचारत होत्या.

"होतो," कात्री म्हणाला. "आता नाही."

"मग दुकान कोणाचं?"

"या आल्या बघा मालकीणबाई. मी समोर केस कापतो. तिकडे एकजण फेस लावून बसलेत, त्यांच्याकडे बघायला हवं." त्याने चष्मा पुढे केला आणि तो निघून गेला. जाताना उंबऱ्यातलं स्टूल त्याने सवयीने आत घेतलं. मावशींनी गुलाबी फ्रेम जागेवर ठेवली आणि त्याही काही न बोलता गेल्या. मावशी न बोलता कुठून गेल्या असं याआधी झालं नव्हतं.

साहेब दाराशी उभे राहून कपाळ पुसत होते.

"माझे डोळे तपासाल?" बाई म्हणाल्या. "जवळचं वाचताना हल्ली त्रास होतो. साहेब थांबतील थोडा वेळ."

मागच्या अंधाऱ्या खोलीत तिने त्यांना खुर्चीत बसवलं. समोर उजळलेला अक्षरांचा फलक. तिने तपासणीची जड, गोल फ्रेम त्यांच्या नाकावर ठेवली आणि एकेक काच घालायला सुरुवात केली. तिने कोपर खुर्चीच्या पाठीला टेकवलं.

"ही बरी की ही?"

"पहिली... नाही, दुसरी. दुसरीच असायला हवी ना?"

"असायला हवं असं काही नसतं," ती सवयीने म्हणाली. हे वाक्य ती रोज कोणाला ना कोणाला सांगायची. "बरोबर उत्तर नाहीये. मला बरं वाटेल म्हणून सांगू नका, नाहीतर नंबर चुकेल. जे दिसतं तेवढंच सांगा."

"मग पहिली," त्या म्हणाल्या. तिने काच बदलली.

"आता मी विचारते," बाई त्या जड फ्रेमेतून तिच्याकडे बघत म्हणाल्या. एवढ्या काचांमागे त्यांचे डोळे लहान आणि लांब दिसत होते. "आजच्यासारखी गर्दी इथे रोज असते?"

फलकाचा दिवा गुंगुं करत होता. बाहेर साहेबांचे बूट फरशीवर इकडून तिकडे वाजत होते.

"नाही," ती म्हणाली. "आज जी माणसं दिसली ती दुकानदार आहेत. सगळेच."

"स्टुलं कसली?"

तिने सांगितलं. बाईंच्या तोंडाचा एक कोपरा हलला, पण त्या हसल्या की नाही ते अंधारात कळलं नाही.

"माझ्या मुली," बाई म्हणाल्या, "म्हणजे कामावरच्या. दुसरी पाळी सुटते तेव्हा अंधार असतो. त्या बसने जातात. इथून बस स्टँड कितपत लांब आहे?"

जवळ आहे. हे खरं होतं. मोठ्या दुकानाच्या मागून, बंद गोदामाच्या भिंतीला लागून गेलं की समोर बस स्टँड. एवढंच सांगितलं असतं तरी ते खोटं ठरलं नसतं. साहेबांनी तेवढ्यासाठीच गाडी चौकातून आणली होती. तिच्या डोळ्यांसमोर शनिवार आला, फोन हातात घेतलेला नवरा आला, फडक्याखाली झाकलेलं मशीन आलं.

"जवळ आहे," ती म्हणाली. "पण मी त्या रस्त्याने जात नाही. अंधार पडल्यावर चौकातून वळसा घालून जाते. भिंतीच्या बाजूचे दिवे कित्येक महिने बंद आहेत."

बाईंनी मान हलवली. "जवळच्या अक्षरांचं काय?" त्या म्हणाल्या, जणू मधलं काही बोलणंच झालं नव्हतं. तिने वाचायचं कार्ड त्यांच्या हातात दिलं.

फ्रेम त्यांनी जुन्यासारखीच निवडली, नवा चष्मा करायला सांगितला. "शनिवारी मिळेल?"

"मिळेल. पाठवून देऊ का?"

"बघू," बाई म्हणाल्या. जुनाच चष्मा घालून त्या गेल्या. साहेबांनी गाडीचं दार उघडताना तिच्याकडे असं पाहिलं की तिने नजर वळवली.

संध्याकाळीच त्यांचा फोन आला. "झाकली मूठ सव्वा लाखाची, ऐकलंय का कधी, वहिनी? तुम्हाला कोणी विचारलं होतं?"

"त्यांनी विचारलं होतं."

"मग म्हणायचं, साहेबांना विचारा."

बातमी रस्त्यावर पोचायला साहेबांच्या फोनइतकाच वेळ लागला. काकांनी तिला बघून आपलं दार ओढून घेतलं, मग पुन्हा उघडलं, कारण बोलल्याशिवाय राहवेना. "डॉक्टरीणबाई, तुम्हाला डोळे तपासायला सांगितले होते. रस्ता नाही."

"काका, त्या पोरींना रोज तिथूनच जावं लागलं असतं."

"आल्या तर जावं लागणार ना. आता येतीलच कशाला?" त्यांचा आवाज एकदम खाली गेला. "माझं घर तुमच्यासारखं नाही. मला कोणी मॉलमध्ये बोलावलेलं नाही."

हे सगळ्यांना माहीत होतं तर. तिला वाटलं होतं, माहीत नसेल. नवऱ्याला मॉलमध्ये जाता यावं म्हणून आपण सगळ्यांची वाट लावली, असंच ते समजत असणार. नवऱ्याला तर वाटत होतं, तिने त्याचंच दुकान घालवलं.

"तू गप्प राहिली असतीस तर?" रात्री तो म्हणाला.

"तर पहिल्याच आठवड्यात त्यांना कळलं असतं."

"पहिल्या आठवड्यापर्यंत तरी आले असते." मग, भिंतीकडे बघत, "मॉलमध्ये एसी आहे. आत शिरलं की बाहेर दिवस आहे की रात्र ते कळत नाही. चांगलं आहे तसं."

दोन दिवस रस्त्यावर कोणी तिच्याशी धड बोललं नाही. ती दुकानातून घरी, घरून दुकानात. शुक्रवारी नगरपालिकेची गाडी गोदामाच्या भिंतीपाशी आली. तिला वाटलं, आता दिवे लागणार. माणसं शिडी लावून चढली, खांबावरचा दिवा काढला आणि तो घेऊन निघून गेली. दुरुस्तीला न्यायचाय, म्हणाली. आता तिथे बंद दिवाही नव्हता, दोन वायरी लोंबत होत्या.

"वा," कात्री दारात उभा राहून म्हणाला. "आधी आंधळा होता, आता डोळाच काढून नेला." तो तिच्याशी नव्हता बोलला, रस्त्याशी बोलला होता. पण निदान तिला ऐकू येईल असं.

बाईंच्या काचा बाबांनीच घासल्या. शनिवारी सकाळी ती त्यांच्यासाठी चहा घेऊन मागच्या खोलीत गेली. ते कडेवरून अंगठा फिरवत होते.

"मॉलमध्ये मशीन आपोआप घासतं म्हणे," ते म्हणाले. "काच ठेवायची आणि बटण दाबायचं."

ती कप धरून उभी राहिली. "तुम्हाला कोणी सांगितलं, बाबा?"

"कात्रीच्या खुर्चीत माणूस फेस लावून बसला की त्याला कान नाहीत असं लोक समजतात." त्यांनी काच उजेडात धरली. "ही झाली. तू एकदा मोजून बघ, माझ्या डोळ्यांवर विश्वास ठेवू नकोस."

तिने मोजून बघितलं. नंबर बरोबर होता. काचा फ्रेमेत बसवल्या, चष्मा डबीत ठेवला, डबी काउंटरवर. मग तिने मनाशी एक मूर्खपणाची गोष्ट ठरवली. बाई स्वतः चष्मा घ्यायला आल्या तर आशा आहे, कोणाला पाठवलं तर नाही. याला पुरावा म्हणत नाहीत हे तिला कळत होतं. असं तिने परीक्षेत लिहिलं असतं तर सरांनी लाल रेघ मारली असती. तरी ती दिवसभर दाराकडे बघत राहिली.

दुपार सरली. नवरा दोनदा फोन हातात घेऊन बाहेर गेला आणि दोनदा तसाच आत आला. "सातला मॉलवाल्यांचा फोन येणार आहे," तो म्हणाला. उन्हं शटरांवरून वर सरकली आणि संपली.

मावशी दारात आल्या. आत आल्या नाहीत. "मी तुझ्याशी बोलत नाहीये," त्या म्हणाल्या.

"बरं."

"सांगायला आलेय फक्त. माझ्या मागच्या खिडकीतून भिंतीच्या बाजूला दिवा सोडलाय. कात्रीच्या आरशावरचा मोठा. वायर माझी, दिवा त्याचा. वीज गेली तर कोणाची गेली यावर नंतर भांडू."

"मावशी..."

"तू बोलून बसलीस, आता निस्तरायला नको कोणी? आणि त्या अंधाराने माझीच गिऱ्हाइकं संध्याकाळी यायची बंद झाली. मी एवढे महिने बोलले नाही, तर तू बोललीस. चालायचंच." आणि त्या गेल्या.

दुकानासमोर एक गाडी थांबली. तिला ती लगेच ओळखता आली नाही. मग दारावरचं कंपनीचं चिन्ह दिसलं. ड्रायव्हर एकटाच उतरला.

"बाईंचा चष्मा तयार आहे?" त्याने विचारलं.

"आहे." तिने डबी पुढे केली. आवाज सरळ राहिला याचं तिला आश्चर्य वाटलं. नवऱ्याने हे पाहिलं होतं. तो उठला, दाराशी गेला आणि पाठमोरा उभा राहिला. तेवढ्यात त्याच्या खिशातला फोन वाजू लागला.

ड्रायव्हरने डबी घेतली नाही. "राहू द्या, त्याच घेतील. मला म्हणाल्या, गाडी पुढे घेऊन जा आणि तयार आहे का विचारून ठेव. त्या बस स्टँडला उतरल्यात."

"बस स्टँडला? कशाला?"

"चालत येतायत ना. ऑफिसातल्या चार-पाच पोरी बरोबर आहेत. अंधार पडल्यावरच उतरायचं म्हणून मघापासून गाडीत थांबलो होतो." त्याने मागे वळून पाहिलं. "कुठून येतात त्या? मला तर वाट दिसलीच नाही."

तिने काउंटरचं झडप उचललं आणि बाहेर आली. भिंतीचा तो पट्टा तिला पाठ होता: मधली उखडलेली फरशी, गोदामाच्या दाराशी बसणारी माणसं, आणि मावशींच्या खिडकीपासून पुढे बस स्टँडपर्यंत उरलेला काळोख, जिथे कात्रीचा दिवा पोचणार नव्हता. एखादीचा पाय मुरगळला, कोणी काही बोललं, तर हे सगळं इथेच संपणार होतं. आणि ते बरोबरच ठरलं असतं. तिने खणातली डोळे तपासायची टॉर्च घेतली. पेन्सिलीएवढी होती, तिचा उजेड एका बुबुळापुरता. तिने ती परत ठेवली आणि बाबांची मोठी घेतली.

समोर कात्री गिऱ्हाइकाच्या मानेवरचे केस झटकत होता. तिने स्टूल उंबऱ्यात ठेवलेलं त्याने पाहिलं आणि हातातला ब्रश वर केला, म्हणजे मी बघतो. काका त्यांच्या दारात उभे होते. त्यांनी ड्रायव्हरकडे पाहिलं, तिच्या हातातल्या टॉर्चकडे पाहिलं, आत गेले आणि त्यांच्या पाटीवरचा दिवा लावला. त्यातली अर्धी अक्षरं लागली.

नवऱ्याच्या हातात फोन वाजतच होता. त्याने तो अजून उचलला नव्हता. मागच्या खोलीत मशीनचा बारीक आवाज सुरू झाला. बाबा कोणाची काच घासत होते कोण जाणे, आज दुसरी काच नव्हतीच.

"काय सांगू त्यांना?" त्याने विचारलं. "मॉलवाले आहेत."

ती दोन पावलं पुढे गेली होती. टॉर्च लागते की नाही ते तळहातावर बघत होती.

"सांगा, दुकानात गिऱ्हाईक आहे," ती म्हणाली, आणि भिंतीच्या दिशेने चालू लागली.